बाबा बाहेर बसायचे

आई गेली तेव्हा बाबा सत्तरीला टेकले होते. शहाडच्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य फिटर म्हणून काढलं आणि निवृत्तीनंतरची वर्षं आईच्या मागेपुढे करण्यात. ती स्वयंपाकाला लागली की हे दारात पेपर घेऊन बसायचे आणि बातम्या मोठ्यानं वाचायचे. आईला त्यातल्या निम्म्या बातम्यांशी काही कर्तव्य नसायचं. ती नुसतं "हं, हं" करायची. त्या "हं"वर बाबांचा दिवस चालत होता हे आम्हाला ती गेल्यावर कळलं.

आमचं घर उल्हासनगरात, कॅम्पातल्या एका जुन्या बैठ्या चाळीत होतं. मी लग्न होऊन बदलापूरला आले होते, तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. भाऊ पुण्याला. आम्ही दोघांनीही "आमच्याकडे चला" म्हणून पाहिलं. बाबा "बघू" म्हणायचे, आणि त्यांचं "बघू" म्हणजे "नाही" हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे दर रविवारी मी जाऊन यायचे. डबा न्यायचे, खोली आवरायचे, चादरी बदलायचे. टीव्ही सकाळपासून चालू असायचा, आवाज बंद करून. मी विचारलं तर म्हणाले, "माणसं हलताना दिसतात, बरं वाटतं."

पहिले काही आठवडे लोक येत होते. चाळीतले, नात्यातले, विहारातले. शेजारची एक बाई, कोकणातली, बाबांचं सांत्वन करताना म्हणाली, "देवाच्या घरी गेली हो, सुखात असेल तिथं." बाबांनी मान हलवली. ती गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तिचं बरं आहे. तिला असं म्हणता येतं."

मला त्यांचं म्हणणं कळलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा बाबा तरणे होते. घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडायला आजोबांबरोबर तेच गेले होते. त्यानंतर बाबांनी कधी कुठल्या देवळाची पायरी चढली नाही, कुणाचा प्रसाद तोंडात घातला नाही, सत्यनारायणाच्या आमंत्रणाला "जेवायला येतो, पूजेला नाही" असं स्पष्ट सांगितलं. देव नाही, आत्मा नाही, स्वर्ग नाही, हे त्यांनी मनापासून मानलं होतं आणि त्यावर ते ताठ उभे होते. पण पन्नास वर्षं संसार केलेली बायको गेल्यावर ती कुठे गेली म्हणायचं, याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. लोकांची माणसं देवाघरी जात होती. आमची आई नुसती गेली होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुमाराला मला त्यांच्यात फरक जाणवू लागला. दाढी रोजच्या रोज केलेली असायची. शर्ट इस्त्रीचा. एका रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले तर दाराला कुलूप. चाळीतल्या एका मावशींना विचारलं. त्या थोड्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत नाही का? सिंध्यांच्या दरबारात जातात रोज सकाळी. चपला सांभाळायला."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "चपला?"

"हो गं. दारात बसतात. सगळ्यांच्या चपला घेतात, पुसून ठेवतात. मी भाजीला जाते ना तिकडून, रोज दिसतात."

तो दरबार आमच्या चाळीपासून फार लांब नव्हता. सिंधी लोकांचं प्रार्थनेचं ठिकाण. आत पोथीसमोर भजनं चालतात, बाहेर शेवटी सगळ्यांना कढी-भात. लहानपणी आम्ही त्या रस्त्यानंच शाळेत जायचो, पण आत कधी गेलो नव्हतो. मी तिथे पोचले तेव्हा आतून ढोलकीचा आवाज येत होता. दाराच्या डाव्या हाताला लाकडी कप्प्यांचं एक मोठं कपाट, त्याच्यापुढे बाकडं, आणि बाकड्यावर बाबा. मांडीवर एक फडकं. हातात कुणाची तरी काळी चामडी चप्पल. ते ती पुसत होते. कारखान्यात एखादा पार्ट पुसायचे तशी, कडा धरून.

त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाचा एक गोरा, जाड काचांच्या चष्म्याचा माणूस बसला होता. त्याच्याही हातात फडकं होतं. त्यानं मला चप्पल काढायची खूण केली. मी तशीच उभी राहिले. तेव्हा बाबांनी वर बघितलं.

"ही माझी मुलगी," ते त्या माणसाला म्हणाले. आवाजात चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. "बस. दहा मिनिटांत सुटेल आतलं. मग घरी जाऊ."

आतलं सुटलं. माणसं बाहेर आली. बाबा आणि तो माणूस पितळी बिल्ले घेऊन ज्याच्या त्याच्या चपला पुढे ठेवत होते. लोक हात जोडत होते. एका वाकलेल्या म्हातारीनं चपला घेण्याआधी बाबांच्या हाताला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, आणि तरी माझी नजर हलत नव्हती.

घरी येताना मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी फिरायला जायचे. घरात बसवत नव्हतं म्हणून. गुडघा दुखला की त्या बाकड्यावर टेकायचे. एक दिवस तो चष्मेवाला म्हणाला, "साईं, दो मिनट बैठोगे यहाँ? मैं दवाई लेके आता हूँ." तो औषध घ्यायला गेला आणि लोक आले. त्यांनी चपला बाबांच्या हातात दिल्या. बाबांनी त्या कप्प्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते पुन्हा तिथे गेले.

"मध्ये ताप आला होता मला," बाबा म्हणाले. "दोन दिवस गेलो नाही. तर हा माणूस पत्ता शोधत घरी आला. विचारायला, की का आला नाहीत." थोडं चालून मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं, का आला नाहीत म्हणून."

मी म्हटलं, "बाबा, पण दरबार. आपण..."

"मी आत जात नाही," ते म्हणाले. "एकदाही गेलो नाही. हात जोडत नाही, प्रसाद खात नाही. त्यालाही पहिल्याच दिवशी सांगितलंय, मी बौद्ध आहे, मी आत येणार नाही. तो म्हणाला, सेवा तो बाहर ही है."

तो माणूस कापडाचा व्यापारी होता. दुकान मुलांच्या हाती देऊन मोकळा झालेला. त्याचीही बायको गेलेली. बाबा त्याला साईं म्हणायचे, सिंधी लोक आदरानं म्हणतात तसं, आणि तो बाबांना दादा. मी नंतर त्यांना काका म्हणू लागले.

भावाला हे कळायला वेळ लागला नाही. चाळीतलंच कुणीतरी त्याला बोललं. तो पुण्याहून थेट आला. मीही त्या दिवशी होते. त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

"तुम्हाला काही कमी आहे का इथे?" तो बाबांना म्हणाला. "आजोबा गावच्या देवळाबाहेर बसायचे. आत जायची बंदी, आणि आतल्यांच्या वहाणा राखायच्या. तुम्हीच आम्हाला सांगितलंत हे. त्यातून बाहेर पडायला काय काय केलं लोकांनी. आणि तुम्ही आपणहून जाऊन बसलात."

बाबांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्यांना बसवलं होतं. मी बसलोय."

"बघणाऱ्याला फरक दिसत नाही, बाबा."

"दिसत नसेल," बाबा म्हणाले. "माझ्या शेजारी शेठ बसतो, तोही चपला पुसतो. त्याचं काय दिसतं बघणाऱ्याला?"

"त्याचं वेगळं आहे. त्याला पुण्य मिळतं. त्याला उद्या कुणी त्यावरून बोलणार नाही. तुम्हाला बोलतात."

भाऊ काही चुकीचं बोलत नव्हता. हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. शेठनं चपला पुसल्या तर तो नम्र ठरतो. आमच्या बापानं पुसल्या तर लोकांना जुनं काहीतरी आठवतं. बाबांनाही ते कळत असणार. पण सकाळी उठल्यावर कुठे जायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर भावाकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. भाऊ संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. काही महिने त्याचे फोन माझ्याकडेच येत राहिले. "बाबा कसे आहेत" एवढंच विचारायचा.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली आणि मग सेक्रेटरीनं बाबांना थांबवलं. बँकेत नोकरी करणारा, चाळिशीचा, बाबांना मान देणारा माणूस. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. आमच्याभोवती दहा-पंधरा जण उभे होते.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "पण लोक बोलतात. तुम्ही जुने उपासक. पोरांना आम्ही तुमचं उदाहरण देतो. आता पोरं विचारतात."

मला वाटलं बाबा वाद घालतील. त्यांनी उलट विचारलं, "विहार रोज उघडं असतं का?"

"रोज?" सेक्रेटरी गोंधळला. "रविवारी असतं. पौर्णिमेला. जयंतीला."

"बाकीच्या दिवशी?"

"काका, सगळे कामावर जातात. रोज कोण येणार?"

"मी येईन," बाबा म्हणाले. "तुम्ही म्हणता आपल्या माणसानं आपल्या जागी यावं. बरोबर आहे तुमचं. मी दोनदा आलो होतो, हिची आई गेली त्या महिन्यात. कुलूप होतं. दाराशी उभा राहिलो आणि परत गेलो. मला किल्ली द्या."

 मागून एक म्हणाला, "किल्ली एकट्याकडे कशी द्यायची, सामान आहे." दुसरा म्हणाला, "काकांकडे नाही द्यायची तर कुणाकडे?" शेवटी सेक्रेटरीनं खिशातून किल्ली काढली. जोडातली एक वेगळी करून बाबांच्या हातावर ठेवली. "जुनी आहे, जरा उचलून फिरवावी लागते," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचा दिनक्रम बदलला. आधी विहार, मग दरबार. सकाळी दार उघडायचे, झाडून काढायचे, मूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचे आणि बसायचे. पहिले कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. मी एका रविवारी म्हटलं, "तिथेही एकटेच बसता ना? मग घरी काय वाईट?"

ते म्हणाले, "घरी कुणी यायचंच नसतं. इथे दार उघडं ठेवलंय म्हणजे कुणी येऊ शकतं. तेवढा फरक आहे. पण आहे."

आणि मग माणसं आली. आधी मागच्या गल्लीतल्या एक मावशी. त्यांचा मुलगा आणि सून दोघं कामावर, नात शाळेत. त्या मेथीची जुडी घेऊन पायरीवर येऊन बसल्या. "आत बसले तर चालेल का निवडत?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "मूर्तीपुढे नको. भिंतीकडे बसा." नंतर पायानं अधू झालेले एक निवृत्त पोस्टमन आले. मग आणखी दोघं-तिघं. वंदना व्हायची, ती पाच-दहा मिनिटांची. त्यानंतर बाबा पेपर उघडून मोठ्यानं वाचायचे. मावशी मध्येच म्हणायच्या, "हे सोडा, बाजारभाव काय म्हणतो ते वाचा."

सेक्रेटरी एकदा येऊन मेथीचे देठ बघून गेला.  पुढच्या आठवड्यात त्यानं एक पंखा बसवून दिला.

साईंकाका एकदा स्वतः बाबांच्या मागोमाग तिथे आले. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी होते. ते दारात चप्पल काढून सरळ आत आले, भिंतीला टेकून बसले आणि सगळं म्हणून होईपर्यंत गप्प राहिले. मग विचारलं, "दादा, इसका मतलब क्या?"

बाबांनी पंचशील एकेक करून सांगितलं. जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. तिसरं जरा आडून सांगितलं, कारण मी आणि मावशी समोर होतो. खोटं बोलणार नाही. नशा करणार नाही.

काकांनी बोटं मोजली. "चौथा थोड़ा मुश्किल है," ते म्हणाले. "चालीस साल कपड़ा बेचा है मैंने."

मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या मांडीवरची भाजी सांडली. बाबाही हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पण त्याच बैठकीत, मंडळी उठत असताना, काकांनी आणखी एक प्रश्न विचारला. त्यात काही चेष्टा नव्हती. "दादा, तुम्हारे में भाभी किधर गई?"

बाबांनी मूर्तीपुढची मेणबत्ती दाखवली. "ही विझली की ज्योत कुठे जाते? कुठे जात नाही. असते तोवर असते."

काकांनी चष्मा सरकवून त्या मेणबत्तीकडे बघितलं. "ठीक है," ते म्हणाले. "फिर रोज किसके लिए जलाते हो?"

बाबा खिडक्या लावू लागले. आम्ही कुलूप लावलं आणि निघालो. नाक्यापर्यंत ते माझ्या पुढेच चालत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं बरोबर विचारलं." घरी आल्यावरही त्यांचं तेच चालू होतं. मी पोळ्या करत होते. ते दारात बसून म्हणाले, "पुस्तकात सांगितलंय की मेणबत्ती आपल्यासाठी लावायची. आपल्या मनात उजेड पडावा म्हणून. मी पोरांना तसंच शिकवलं." आणि बऱ्याच वेळानं, "पण मी तिच्यासाठीच लावतो. खोटं कशाला बोलू."

मला वाटतं, त्या एका वाक्यात त्यांनी आपल्या धर्मातलं काही सोडलं नाही आणि दुसऱ्याचं काही घेतलंही नाही. त्यांना जे दुखत होतं त्याला त्यांनी त्या मूर्तीपुढे जागा दिली, एवढंच. ते तत्त्वात बसतं की नाही, याचा निकाल त्यांनी लावला नाही. मीही लावत नाही.

असं दोन-तीन वर्षं चाललं. भाऊ हळूहळू निवळला. एका मे महिन्यात तो मुलांना घेऊन आला तेव्हा बाबा नातवाला विहारात घेऊन गेले. दरबाराकडे नेलं नाही. परत आल्यावर भावानं विचारलं, "अजून जाता का तिकडे?" बाबा "जातो" म्हणाले आणि भावानं विषय तिथेच सोडला.

मग साईंकाकांच्या मुलांनी धंदा इंदूरला हलवायचं ठरवलं. तिथे त्यांचे मोठे भाऊबंद होते. काकांना कुणी विचारलं नाही, ते सामानाबरोबर निघाले. जायच्या दिवशी ते बाबांना भेटायला घरी आले, घरच्या पापडांची पिशवी घेऊन. दोघं समोरासमोर बसले होते. मी चहा दिला. "उधर भी दरबार है," काका म्हणाले. बाबा म्हणाले, "असणारच." यापलीकडे निरोपाचं काही बोलणं झालं नाही.

त्यानंतर बाबा दरबारात गेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथे आता दुसरी माणसं बसतात. चांगली आहेत." विहार मात्र त्यांनी सोडलं नाही, गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत. एका सकाळी ते मोरीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर "बघू" म्हणायची सोय उरली नाही. मी त्यांना बदलापूरला घेऊन आले. विहाराची किल्ली त्यांनी मेथीवाल्या मावशींकडे दिली आणि कुलूप कसं उचलून फिरवायचं ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं, मी मावशींना नीट सांगावं म्हणून.

बदलापूरला आमच्या इमारतीत तेव्हा निम्मी घरं रिकामी होती. दिवसा मी आणि माझे यजमान कामावर. बाबा गॅलरीत खुर्चीवर. मी ज्याला भीत होते तेच एकटेपण त्यांना माझ्याच घरात मिळालं. शाळेतून परत येताना मला ते खालूनच दिसायचे. पण त्यांनी तक्रार केली नाही. एकदा मी विचारलं, "दिवसभर काय करता बाबा?" म्हणाले, "बसतो. आधी बसता येत नव्हतं मला. आता येतं थोडं." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. आता माझे यजमान नाहीत, मुलगी सासरी आहे, आणि मी ते बसणं शिकते आहे. अजून फारसं जमलेलं नाही.

त्या काळात रविवारी सकाळी आमच्या घरच्या लँडलाइनवर इंदूरहून साईंकाकांचा फोन यायचा; निघताना त्यांनी माझा नंबर लिहून नेला होता. दोघांनाही कमी ऐकू यायचं. बाबा फोनमध्ये ओरडून मराठीत बोलायचे, काका तिकडून हिंदीत. "गुडघा कसा आहे?" "घुटना वैसाच है." एवढं झालं की दोघंही थोडा वेळ नुसता फोन कानाला धरून बसायचे. मी हसले तर बाबा हातानं मला गप्प करायचे.

बाबा थंडीत गेले. झोपेतून उठलेच नाहीत. भाऊ आला, विहारातले सगळे आले, मावशी आल्या. वंदना झाली. या धावपळीत इंदूरला कळवायचं राहून गेलं. माझ्याकडे तिकडचा नंबरच नव्हता. फोन नेहमी तिकडूनच यायचा. रविवारी तो आला तेव्हा मी उचलला.

"दादा को दे," काका म्हणाले.

मी सांगितलं. आधी त्यांना ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं सांगावं लागलं, जे मला नको होतं.  मला वाटलं फोन कटला. मी "काका?" म्हटलं.

"सुन रहा हूँ," ते म्हणाले. मग, "तूने खाना खाया?"

मी हो म्हटलं. खरं तर खाल्लं नव्हतं.

पुढच्या रविवारी फोन आला. त्याच्या पुढच्याही. माझ्या आणि त्यांच्यात बोलायला विषय असा काही नव्हता. शाळेला सुट्टी आहे का, तिकडे थंडी किती, मुलगी काय करते. ते कधी म्हणत, आज दरबारात गेलो होतो. मी म्हणायचे, आज विहारात जाऊन आले, मावशी तुमची आठवण काढत होत्या. एकमेकांच्या देवधर्माबद्दल आम्ही त्यापुढे गेलो नाही. वर्षभर तरी हे चालू होतं. मग एका रविवारी त्यांच्या सुनेचा फोन आला. तिनं सांगितलं की ते गेले आणि जाण्याआधी हा नंबर तिच्याकडे देऊन ठेवला होता. "बोले थे, इसको बताना. ये राह देखेगी."

मी तिला तिचं नाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, ती जेवली का ते विचारलं.